जाळ्याचा वाटा

कर्नाटकात, जोयड्याच्या बाजारात माझं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, वीजबिल, रेशनकार्डातल्या चुका, उताऱ्यावरची नावं, सगळं इथे होतं आणि सगळ्याच्या शिव्या मला बसतात. मी मूळचा रामनगरचा. आजोबा खानापुराकडून व्यापाराला आले आणि इकडचेच झाले. घरात तीन पिढ्यांचा धंदा, पण करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या पावसाळ्यात मी जे केलं त्याला धंदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शटर अर्धं खाली, आत एकटा मी, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला केशरअक्का.

अक्काचा चेहरा मी फार उशिरा पाहिला. तोवर मला फक्त तिचा आवाज माहीत होता. तो नेहमी वरच्या पट्टीत यायचा, मागे वारा घोंघावत असायचा, आणि आधी मला वाटायचं की ही बाई भांडायलाच फोन करते.

दिग्गीच्या वाटेला डोंगराच्या पोटात एक कुणबी वाडी आहे, तिथली ती. भात, नाचणी, उन्हाळ्यात जंगलखात्याची कामं, असं त्या वाडीचं वर्ष. केशरअक्काला यापेक्षा एक काम जास्त होतं. कुळगीच्या बाजूला एक होमस्टे होता, तिथे हंगामात ती स्वयंपाकाला जायची. बेंगळुरूचे पाहुणे यायचे, तिने भाजलेले कंद खायचे, तिच्या हातांचे फोटो काढायचे आणि जाताना भाकरी कशी थापायची ते पुन्हा एकदा विचारायचे. पाहुणे आले की मालकाला तिला बोलवावं लागे, म्हणून त्याने आपला जुना फोन आणि एक सिमकार्ड तिला दिलं. वाडीतला तो पहिला फोन.

वाडीत रेंज नव्हती, अजूनही नाही. वरच्या पठारावर एक मोठा खडक आहे आणि खडकाला चिकटून एक जांभूळ. त्या जांभळीच्या बेचक्यात फोन ठेवला तरच त्याला रेंज येते, हातात घेतला की जाते. त्यामुळे अक्का कधीच फोन कानाला लावून बोलली नाही. फोन झाडात, ती खडकावर, आणि मध्ये वारा. ती ओरडायची ती त्यामुळे, हे मला नंतर कळलं.

आता त्या नंबराची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. आधारकार्डाचा कॅम्प लागला तेव्हा अख्खी वाडी एका टेम्पोत बसून जोयड्याला आली. मशीनवरच्या पोराने प्रत्येकाला विचारलं, मोबाइल नंबर? अक्काने आपला सांगितला. तिच्या मागे पुतळीकाकी होती. ती म्हणाली, तोच. तिच्या मागे लाडू होता, तो म्हणाला, तोच घाला. महाबळेश्वर, सुनयना, वाडीचे बुधवंत म्हणजे पुढारी नारायणमामा, सगळ्यांचं तोच, तोच. हसायला सोपं आहे. पण वाडीची टपालं पोस्टमन वर्षानुवर्षं अक्काच्या सासऱ्याच्या घरी टाकून जायचा, कारण रस्त्यावरून आलं की पहिलं घर तेच. तिथून ज्याचं त्याने न्यायचं. सरकारला वाडीला काही कळवायचं असेल तर ते पहिल्या घरी येणार, यात कुणाला काय शंका असणार? नंबर म्हणजे त्यांच्या लेखी वाडीचा पत्ता. माणसाला स्वतंत्र पत्ता लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून वाडीचं जे काही सरकारदरबारी हललं त्याचा आकडा, म्हणजे ओटीपी, अक्काच्या फोनवर आला; वाडी त्यालाही नंबरच म्हणायची. गॅसचा, पेन्शनचा, रेशनचा. संध्याकाळी भात शिजवून ती वर चढायची, आकडे पाहायची, खाली येऊन सांगायची. सातवीपर्यंत कन्नड शाळेत गेली होती, आकडे वाचता येत. नवरा परशू गोव्यात हॉटेलात भांडी घासायला होता. त्यामुळे चढण तिचीच. कुणी तिला सांगितलं नव्हतं हे कर म्हणून, आणि कुणी विचारलंही नाही की दमतेस का.

मग करोना. होमस्टे बंद, मालक हुबळीला निघून गेला. गोव्यातलं हॉटेल बंद झालं आणि परशू घरी आला. दुसऱ्या लाटेत सरकारने जाहीर केलं की ज्यांचं हातावरचं काम गेलंय त्यांना मदत मिळणार. आधी मोजक्यांना होती, आता यादी वाढवली होती. न्हावी, शिंपी, मेकॅनिक, घरकाम करणाऱ्या बाया, गवंडी, हमाल, आणखी कोण कोण. रक्कम फार नव्हती, पण घरात मीठ-तेलाला नाणं नसलेल्या माणसाला ती फार होती. अर्ज ऑनलाइनच, आणि शेवटची तारीख जवळ.

माझ्या सेंटरला त्या दिवसांत बाहेरून रांग नव्हती, फोनवर होती. पोलीस रस्त्यावर, बस बंद. एरवी कुणबी माणसाचा अर्ज भरायला बसलो की मला घाम फुटतो. काम काय करता, असं विचारलं की तो म्हणतो, सगळंच करतो की. खरंच करतो. पण ‘सगळं’ असा रकाना त्या यादीत नव्हता. महाबळेश्वर पावसाळा संपला की गवंडीकाम करतो, म्हणून त्याला गवंडी केला. लाडू शिंपी, कारण त्याच्याकडे पायाची मशीन आहे. पुतळीकाकी माणसांच्या घरी धुणीभांडी करायची, ती घरकामात. केशरअक्काही घरकामात, कारण होमस्टेतल्या स्वयंपाकिणीचं नाव यादी करणाऱ्याला सुचलंच नव्हतं. पंचायतीत कुणीतरी विचारलं, शेती आणि जंगलकाम लिहिलं तर चालेल का? उत्तर आलं, ‘आगल्ला’, म्हणजे होत नाही. सगळ्यांचे दाखले आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी पंचायतीच्या पीडीओ साहेबांची सही घेऊन आणले, अक्काने त्यांचे फोटो खडकावरून मला पाठवले, आणि एका दुपारी आम्ही भरायला बसलो.

“अण्णा, आधी माझं घाला,” ती म्हणाली.

मी म्हटलं, घालतो.

“न्हाई, म्हंजे उगी न्हवं. पायाला जळू लागून रगात थांबंना झालंय. माझं एकदा झालं की मग निवांत बसून समद्यांचं करू या.”

मला यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी चढणाऱ्या बाईने एकदा म्हटलं आधी माझं, तर काय आभाळ कोसळतं? मी तिचं नाव, गाव, काम टाकलं. तिच्या फोनवर आकडा आला.

“अण्णा, हितं इंग्लिशमदी लिवलंय, कुनाला सांगू नका म्हनून. होमस्टेतल्या पोरानं मला वाचून दाखवलं हुतं एकदा. सांगू काय?”

“मला सांग, अक्का. मला नाही सांगितलंस तर मी काय भरू?”

तिने एकेक आकडा ओरडून सांगितला. अर्ज गेला. मी तिला म्हटलं, झालं तुझं. ती हसली असावी, वाऱ्यात नीट कळलं नाही.

मग पुतळीकाकीचा घेतला. सगळं भरलं, नंबर टाकला, आणि पडद्यावर लाल ओळ आली, की हा मोबाइल नंबर आधीच वापरलेला आहे. मी पुन्हा टाकला. लाडूचा करून पाहिला, महाबळेश्वरचा करून पाहिला. तीच लाल ओळ. एका नंबरावर एकच अर्ज. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, निदान मला तरी दिसला नव्हता. आणि वाडीतल्या प्रत्येक आधारकार्डाला तोच एक नंबर बांधलेला.

मी तिला सांगितलं.

“मग माझं पुसा,” ती म्हणाली. “माझं पुसून पुतळीकाकीचं घाला. ती म्हातारी एकली हाय.”

“पुसता येत नाही, अक्का. घातलेला अर्ज परत घ्यायची सोयच नाही त्यात.”

“दुसरा नंबर?”

“आधारला दुसरा नंबर लावायचा तर अंगठा द्यावा लागतो. आधार केंद्र बंद आहे. ते उघडेपर्यंत तारीख संपेल.”

मग ती म्हणाली, “आता खाली जाऊन काय सांगू ओ, अण्णा? समदी वाट बघत बसल्यात.”

मी हेल्पलाइनला फोन लावून पाहतो म्हटलं. लावलाही. तिथे एक बाई कन्नडमध्ये सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग गाणं लागायचं. ते गाणं मला आजही कुठे ऐकू आलं तर डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“सांगितलंस?” मी विचारलं.

“सर्वर डाऊन हाय म्हनून सांगितलं.” हे माझंच वाक्य. मी सगळ्यांना तेच सांगतो, तिने ते उचललं होतं. “आज सांगनार हुतो. पर पुतळीकाकी दारात बसलीवती, माझ्यासाठनं फणसाची भाजी घिऊन. जीब वळली न्हाई.”

त्यानंतर ती रोज फोन करायला लागली. काम काहीच नव्हतं. तारीख कधीच उलटून गेली होती, हे वाडीला ठाऊक नव्हतं. पण वाडी रोज संध्याकाळी विचारायची, आला का नंबर, आणि तिला रोज वर चढावंच लागायचं, नाहीतर लोक म्हणाले असते की केशर आज वर का गेली नाही. मुसळधार पाऊस असायचा. डोक्यावर इरलं घेऊन, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती जायची, जांभळीच्या बेचक्यात तो ठेवायची आणि खडकावर बसायची. आकडा येणार नाही हे तिला माहीत, मला माहीत. मग बसून करायचं काय? मला फोन करायची.

“काय करायलाय ओ, अण्णा?”

“माशा मारतोय. तू?”

“मी बी त्येच. हितं माशा बी न्हाईत, जळवा हायत.”

अशा फोनांतून मला तिचा संसार कळत गेला. परशू दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजायचा. आजारी नव्हता. गोव्याच्या मालकाने जाताना हातात काही ठेवलं नाही, ते त्याने मनाला लावून घेतलं होतं. होमस्टेच्या मालकाने एकदाच फोन केला, तोही फणस पिकले का विचारायला. लावणी झाली, पण मदतीला आलेल्या बायकांच्या डोळ्यांत बघवत नाही असं ती म्हणायची. “भात लावताना खाली बगायचं असतंय, म्हनून बरं हाय,” असंही म्हणाली.

खरं सांगायचं तर मला तिची दया यायची आणि रागही यायचा. सांगून टाक ना बाई, मी एकदा ओरडलोच. एक दिवस शिव्या खाशील, दुसऱ्या दिवशी मोकळी होशील. ती चिडली नाही. म्हणाली, “शिव्या दिल्या तर बरंच ओ. न्हाई दिल्या तर?” मला ते तेव्हा कळलं नाही.

एकदा पाऊस उघडला होता आणि ती जरा बऱ्या मनाने बोलत होती. उन्हाळ्यात वाडी मिळून ओढ्याच्या कोंडीत मासे धरते, ते सांगत होती. मोठं जाळं तिच्याच घरचं, सासऱ्याने विणलेलं, अजून आढ्याला टांगलेलं. मासे काढले की खडकावर सागवानाची पानं मांडायची, घरटी एक. कोण आलं, कोण नाही आलं, कुणी पाण्यात उतरलं, कुणी काठावर बसून विड्या ओढल्या, काही बघायचं नाही. सगळ्यांचे वाटे सारखे. “आनि येक पान जास्तीचं,” ती म्हणाली. “त्यो जाळ्याचा वाटा. जाळं ज्याचं त्येच्या घरला जातोय.”

“म्हणजे तुम्हाला दुप्पट. बरं आहे की.”

“खायाचा नसतोय त्यो, अण्णा. त्ये मासे वाळवून इकायचे आनि दोरा आनायचा, शिसं आनायचं. जाळं नीट करायचं. जाळ्याचा वाटा कुनी शिजवून खाल्ला तर वाडी त्येच्या तोंडाकडं बगत न्हाई.”

मी म्हटलं, मग तुमचा फायदा काय? ती म्हणाली, फायदा न्हाई, तसं असतंय.

पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस तिने फोन केला आणि नुसतं म्हणाली, “अण्णा, पैसे आले.” मी म्हटलं, चांगलं झालं. दोघांनाही आनंद झाला नाही.

त्याच सुमारास निर्बंध उठले होते आणि गणपतीची चवथ तोंडावर होती. पंचायतीने मला सांगितलं की त्या बाजूच्या म्हाताऱ्यांना पेन्शन काढायला जोयड्यापर्यंत येणं होत नाही, तर तुमचं अंगठ्याचं मशीन घेऊन तुम्हीच जा. अंगठा टेकवला की खात्यातले पैसे आम्ही हातात द्यायचे, अशी ती सोय. मी अक्काला कळवलं, तर म्हणाली, “येताना सुट्टे आना. माझ्या पैशात मोटी नोट नको, समदं सुट्टं पायजे.” कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, आना तर खरं.

सुप्याच्या धरणाचं पाणी उजवीकडे ठेवून मी निघालो. रस्ता पावसाने खाल्लेला, पुढे तर रस्ताच नव्हता. गाडी एका कुंपणाला लावली आणि चिखलातून चालत वाडीत गेलो. तिथून मशीन पाठीवर घेऊन डोंगर, कारण मशीनलाही रेंज लागते आणि रेंज जांभळीपाशी. माझ्या पुढे-मागे अख्खी वाडी चढत होती. पुतळीकाकी काठी टेकत, नारायणमामा तोंडात पान घेऊन, सुनयना कडेवर पोर घेऊन. मी बाजारात बसणारा माणूस, निम्म्यात धापा टाकायला लागलो. ही बाई हे रोज करते, भरपावसात, आणि ते पण कशासाठी, असा विचार मनात आला आणि मला फार वाईट वाटलं.

केशरअक्का खडकापाशी आधीच बसलेली होती. बारीक चणीची, खांद्यावर गाठ मारून लुगडं नेसलेली, डोळ्यांखाली काळं. एवढा मोठा आवाज एवढ्याशा देहातून येत असेल असं वाटलं नव्हतं.

“तुमीच व्हय, अण्णा? आवाजावरनं थोराड वाटला हुता.”

जांभळीच्या बेचक्यात मशीन ठेवून कामाला लागलो. म्हाताऱ्यांचे अंगठे कामाने गुळगुळीत झालेले, मशीन नाही म्हणायचं. पुसून, वाळवून, पुन्हा टेकवून एकेकाचं केलं. शेवटी अक्काने अंगठा टेकवला. मी तिचे पैसे सगळे सुट्ट्या नोटांत मोजून दिले.

लोक उठायला लागले होते. ती म्हणाली, “मामा, जरा ऱ्हावा. समदी ऱ्हावा.”

तिने खडकामागून सागवानाच्या पानांची चळत काढली. एकेक पान खडकावर मांडत गेली, एकेकावर नोटा ठेवून वर खडा ठेवत गेली. कुणाला काही कळेना. बाजारात बसून मला माणसं पुष्कळ कळतात असं मी समजत होतो, पण मलाही त्या क्षणापर्यंत सुट्ट्या पैशांचं कळलं नव्हतं. पानं मांडून झाल्यावर ती उभी राहिली.

“सर्वर कदी डाऊन न्हवता,” ती म्हणाली. तोच मोठा आवाज, झाडाशी बोलायचा. “येका नंबराला येकच अर्जी जाती. मला ठावं न्हवतं. मी आधी माझं घातलं, तुमचं कुनाचंच मग गेलं न्हाई. दुसऱ्या दिशी सांगायला पायजे हुतं. सांगितलं न्हाई. आता पैसे आल्यात. घरटी येक पान घातलंय.”

मग सुनयना पुढे आली.

“रोज इचारत हुतो की आमी तुला.”

“व्हय.”

“माज्या पोराला ताप भरला तवा तुज्या दारात आलोतो मी. पैसे येतील काय म्हनून. तवा काय म्हनलीस?”

“येतील म्हनलो.”

“येतील म्हनलीस,” सुनयना म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ती कडेवरचं पोर सावरून तोंड फिरवून उभी राहिली. अक्काने मान खाली घातली. शिव्या दिल्या तर बरं, असं ती का म्हणाली होती ते मला तेव्हा समजलं.

पुतळीकाकी काठीवर रेलून पुढे वाकली. “माजं पान कंचं?” तिने विचारलं. अक्काने दाखवलं. काकी त्या पानासमोर बसली, कोंडीवर बसत असेल तशीच. मग लाडू बसला, महाबळेश्वर बसला. एकेक करत सगळे आपापल्या पानासमोर बसले.

अक्काने जांभळीच्या बेचक्यातून आपला फोन काढला. पिशवी सोडली, फोन पदराने पुसला आणि खडकावर, पानांच्या ओळीच्या शेवटी, ठेवला.

“आनि ह्यो बी घ्या,” ती म्हणाली. “नंबर वाडीचा हाय, वाडीनं सांबाळावा. कुनीबी घ्या. मला आता हुईत न्हाई. पायात बी न्हाई आनि जिवात बी न्हाई.”

मी घाईने म्हणालो की आधार केंद्र उघडलंय, एकेकाचा नंबर वेगळा करून देतो. कुणीतरी विचारलं, कुठला नंबर देऊ? आणि दिला तरी त्यो फोन घेऊन हितंच चढायचं न्हवं? माझी शहाणपत अशीच असते, पहिल्या प्रश्नाला संपते.

फोनकडे सगळे बघत होते, हात कुणी लावत नव्हतं. नारायणमामा उठले. वाडीचे बुधवंत ते, पण बोलणं कमी. त्यांनी बाजूला जाऊन पान थुंकलं, परत आले, पानांच्या ओळीवरून नजर फिरवली.

“केशर, पानं किती घातलीस?”

“घरटी येक, मामा.”

“आनि जाळ्याचं कुटं हाय?”

ती बघतच राहिली. मामांनी चळतीतलं एक उरलेलं पान घेतलं, फोन उचलून त्या पानावर ठेवला. मग आपल्या पानावरचा खडा बाजूला करून त्यातली एक नोट काढली आणि फोनखाली सरकवली.

“जाळं चुकीच्या वक्ताला वडलंस, मासं गेलं,” ते म्हणाले. “लपवलंस त्ये वाईट केलंस. पर वाटा घालायचा तर जाळ्याचा बी घालायचा.”

पुतळीकाकीने आपल्या पानावरची नोट सरकवली. लाडूने टाकली, महाबळेश्वरने टाकली. एकामागून एक सगळ्यांनी टाकल्या. सुनयना शेवटपर्यंत उभीच होती. मग ती आली, आपल्या पानासमोर वाकली, एक नोट काढून फोनवर टाकली आणि अक्काकडे न बघता पोराला घेऊन उतरायला लागली.

केशरअक्का रडली. तोंडाला पदर लावून, हुंदके देऊन, मोठ्याने रडली. बायका तिच्याजवळ थोडा वेळ थांबल्या, मग त्याही उतरायला लागल्या. चवथीची कामं होती. मला वाटलं, बाईचं ओझं उतरलं, गंगेत घोडं न्हालं एकदाचं. मशीन बांधता बांधता मी तसं म्हटलंही.

तिने डोळे पुसले. “तुमाला सांगितलं हुतं न्हवं, अण्णा? जाळ्याचा वाटा खायाचा नसतोय.”

“हो, मग?”

“जाळ्यालाच लावायचा असतोय.” तिने फोनखालच्या-वरच्या नोटा गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि फोन परत बेचक्यात ठेवला. “रिचार्ज मारा. मोट्यात मोट्या मुदतीचा.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. नुसती दमलेली होती, खूप लांबून चालत आलेल्या आणि अजून घर न आलेल्या माणसासारखी. मी माझा फोन तिच्या फोनशेजारी बेचक्यात टेकवून रिचार्ज मारला.

बेचक्यातल्या फोनवर टण्ण असा आवाज आला. उतारावरची सगळी माणसं जागच्या जागी थांबली आणि मान वळवून वर बघायला लागली. सुनयनासुद्धा थांबली.

“नंबर आला काय, गे?” पुतळीकाकीने खालून ओरडून विचारलं.

केशरअक्काने वाकून पडद्यावरचं वाचलं. “न्हाई, काकी,” ती ओरडली. “आपला नंबर चालू झाला.”

“मग उद्या माज्या ग्यासचं बगशील काय?”

“येतो,” ती म्हणाली. मग खडकावर बसली आणि घोट्याला चिकटलेली जळू काढायला लागली.